विश्लेषण : लोरा बोर्ड सुरू करताना उषा मेहता का आठवाव्यात?

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात किंवा ऑनलाइन, लोरा बोर्ड आज दोन-तीन हजार रुपयांत मिळतो. तळहातावर मावेल एवढा. एक छोटी चिप, नखाएवढा पडदा, बोटभर अँटेना आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारी वीज. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर भागांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी तो प्रकल्पासाठी आणतात. कोणी सोसायटीच्या टाकीतील पाण्याची पातळी मोजतो, तर कोणी पारसिकच्या डोंगरावरून खाडीपलीकडे संदेश पोहोचतो का ते पाहतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, महिन्याचे बिल येत नाही आणि वापरणाऱ्याला परवानाही काढावा लागत नाही.

यातील शेवटची गोष्ट आपण सहज बोलून जातो. पण लॅमिंग्टन रोडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर गिरगावात पारेखवाडी आहे. तिथल्या एका खोलीत १२ नोव्हेंबर १९४२ रोजी बावीस वर्षांच्या एका तरुणीला पोलिसांनी पकडले. तिच्याजवळ बंदूक नव्हती, बाँबही नव्हता. होता तो एक प्रक्षेपक, काही ध्वनिमुद्रिका आणि बातम्यांचे कागद. त्यासाठी तिला चार वर्षांची शिक्षा झाली. ती तरुणी म्हणजे उषा मेहता. २०२४ मध्ये आलेल्या ऐ वतन मेरे वतन या चित्रपटामुळे त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले खरे, पण त्यांनी नेमके काय चालवले, ते कसे चालत होते आणि पकडले का गेले, हे समजून घ्यायला चित्रपटापेक्षा हा बोर्ड जास्त उपयोगी पडेल.

न्यायाधीशांची मुलगी

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. त्यामुळे घरात स्वातंत्र्याच्या चळवळीबद्दल आस्था असली तरी उघडपणे काही करण्याची सोय नव्हती. पाच वर्षांच्या असताना त्यांनी अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पहिल्यांदा पाहिले. पुढे गावाजवळ गांधीजींचे शिबिर भरले, तेव्हा ही मुलगी तिथे जाऊन बसू लागली आणि सूत कातायला शिकली.

१९२८ मध्ये सायमन कमिशनविरोधातील मोर्चात त्या घोषणा देत चालल्या. तेव्हा त्यांचे वय होते आठ वर्षे. त्या काळातील त्यांची एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुलांच्या एका प्रभातफेरीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. झेंडा धरलेली मुलगी खाली पडली आणि झेंडाही पडला. मुलांना हे फार लागले. मग मोठ्यांच्या मदतीने मुलांसाठी झेंड्याच्या तीन रंगांचे कपडे शिवले गेले आणि ते घालून मुले पुन्हा रस्त्यावर आली. आता पोलिसांनी मारले तरी झेंडा हातातून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. ही युक्ती लहान मुलांची आहे, पण पुढे या बाईंनी जे केले त्याचा स्वभाव त्यात दिसतो. काढून घेता येईल अशी वस्तू हाती ठेवायचीच नाही, असा तो स्वभाव.

वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले. सरकारी नोकरीची अडचण आता उरली नव्हती. उषाबेन गुप्त पत्रके वाटू लागल्या, तुरुंगातील सत्याग्रहींच्या नातेवाइकांकडे निरोप पोहोचवू लागल्या. खादीशिवाय काही घालायचे नाही आणि लग्न करायचे नाही, हेही त्यांनी लवकरच ठरवले. शिक्षण मात्र थांबले नाही. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये त्या तत्त्वज्ञान विषय घेऊन पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या आणि कायद्याच्या अभ्यासाला लागल्या. तो अभ्यास १९४२ च्या ऑगस्टमध्ये सुटला, तो कायमचाच.

पत्रके असताना रेडिओ कशाला?

८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने छोडो भारतचा ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आत गांधीजींसह सगळे मोठे नेते अटकेत होते. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. जे छापायचे ते सरकारला दाखवून, किंवा मग छापायचेच नाही. गांधीजींचे हरिजन बंद पडले. लोक रस्त्यावर होते, पण शेजारच्या जिल्ह्यात काय चालले आहे हे कोणालाच कळत नव्हते.

अशा वेळी सायक्लोस्टाइल पत्रके निघत होती. पण पत्रक हाताने न्यावे लागते. मुंबईतील पत्रक मुंबईत वाटता येते, ते बिहारमध्ये पोहोचायला आठवडा लागतो आणि वाटेत ज्याच्याजवळ सापडेल तो तुरुंगात जातो. रेडिओचे तसे नाही. लहरीला तिकीट काढावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याच्या घरी पुरावा उरत नाही. परदेशांतील चळवळींत रेडिओने काय काम केले होते हे उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी वाचले होते. विचार ठरला. पैसे उभे करण्याची जबाबदारी बाबूभाई खाकर यांनी उचलली. चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी हे जोडीला आले. शिकागो रेडिओ या ध्वनिवर्धक पुरवणाऱ्या कंपनीचे नानक मोटवाने यांनी काँग्रेस अधिवेशनांतील भाषणांच्या ध्वनिमुद्रिका आणि काही सामग्री दिली. उरले यंत्र.

यंत्र कोणी बांधले?

मुंबईत तेव्हा हौशी रेडिओ चालवणारी थोडी मंडळी होती. आजच्या भाषेत हॅम. घरी प्रक्षेपक बांधायचा, परवाना घ्यायचा आणि जगभरच्या अशाच वेड्या लोकांशी बोलायचे, असा त्यांचा छंद. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हे परवाने रद्द केले. यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचा हुकूम निघाला. नरिमन प्रिंटर या पारशी तंत्रज्ञाने मात्र आपली सामग्री पूर्णपणे हातची जाऊ दिली नाही. १९४० मध्ये त्यांनी आझाद हिंद नावाने एक गुप्त रेडिओ चालवून पाहिला होता. तो पकडला गेला. १९४२ मध्ये उषाबेनची मंडळी यंत्र शोधत होती, ती याच प्रिंटर यांच्याकडे पोहोचली.

प्रक्षेपक तयार झाला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे गांधीजींच्या अटकेनंतर तीन आठवडे उलटायच्या आत, काँग्रेस रेडिओचा आवाज पहिल्यांदा हवेत गेला. आपण भारतात कुठून तरी ४२.३४ मीटरवरून बोलत आहोत, अशी घोषणा उषाबेन करत. कुठून, हे अर्थातच सांगितले जात नसे.

तो प्रक्षेपक आजच्या बोर्डासारखा नव्हता, हे सांगायला हवे. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरमध्ये लागला. तोवर सगळा कारभार काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचा. व्हॉल्व्ह तापावे लागतात, त्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागतो आणि तो तयार करणारा ट्रान्सफॉर्मर लोखंडाचा असतो. म्हणजे जागा बदलायची झाली की हे धूड जिन्यावरून उतरवायचे, गाडीत घालायचे आणि दुसऱ्या जिन्यावर चढवायचे. शिवाय तार लावायची. हे सगळे शेजाऱ्यांच्या नजरेत न येता.

४२.३४ मीटर म्हणजे नेमके काय?

इथे थोडे भौतिकशास्त्र. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. तिची लांबी ४२.३४ मीटर असेल तर ती सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार वेळा वरखाली होते, म्हणजे वारंवारता झाली जवळपास ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशी रेडिओवाल्यांच्या नेहमीच्या वापरातला हा चाळीस मीटरचा पट्टा.

या पट्ट्याची एक खुबी आहे. दिवे लागणीनंतर या लहरी आकाशात शंभर-दोनशे किलोमीटरपेक्षा वर असलेल्या आयनांबरावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. त्यामुळे लहान ताकदीचे यंत्रसुद्धा शेकडो किलोमीटरवर ऐकू येते, अनुकूल रात्री त्याहूनही दूर. काँग्रेस रेडिओचे प्रक्षेपण मुख्यतः संध्याकाळनंतर होई, ते लोक त्या वेळी घरी असतात म्हणून आणि त्या वेळी लहर दूर जाते म्हणूनही सोयीचे होते. मुंबईतून निघालेला हा आवाज जपानच्या ताब्यातील ब्रह्मदेशापर्यंत ऐकू गेल्याची नोंद आहे.

पण लांब लहरीला लांब तार लागते. अँटेना साधारणपणे लहरीच्या निम्मी किंवा पाव लांबीची असावी लागते. ४२.३४ मीटरची पाव लांबी म्हणजे साडेदहा मीटर, साधारण तीन-साडेतीन मजले. ही तार गच्चीवर लपवणार कुठे?

आता हातातला लोरा बोर्ड घ्या. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. लहरीची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर, पाव लांबी साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटर. म्हणून बोर्डासोबत बोटभर अँटेना येते. ही लहर आयनांबरावरून परतत नाही, सरळ निघून जाते. म्हणजे दोन बोर्डांच्या मध्ये मोकळी जागा हवी. पामबीच रोडच्या उंच इमारती आडव्या आल्या की दोन-तीन किलोमीटरवरही संदेश अडतो. डोंगरावरून खाडीपलीकडे मात्र तो कितीतरी लांब जातो, कारण पाणी आणि तिवरे आडवी येत नाहीत.

बोर्डाची ताकद असते जेमतेम शंभर ते दीडशे मिलिवॅट. जुना झिरोचा बल्ब याच्या शंभरपट वीज खात असे. तरीही संदेश किलोमीटरगणिक जातो, कारण लोरा तो कुजबुजल्यासारखा पण पसरवून पाठवते. एकाच सुरात टिकटिक करण्याऐवजी कोकिळेची तान चढत जावी तशी वारंवारता चढवत नेली जाते, आणि ऐकणाऱ्या चिपला ही चढण ओळखता येते, मग आवाज आजूबाजूच्या गोंगाटाखाली दबलेला का असेना. ग्रनोबल या फ्रेंच शहरातील सिक्लियो या छोट्या कंपनीने ही पद्धत विकसित केली आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. या युक्तीची किंमतही आहे. सर्वात लांब पल्ल्याच्या मांडणीत सेकंदाला तीनशेच्या आसपास बिट जातात. त्यात उषाबेनचा आवाज जाणार नाही. दोन ओळींचा मजकूर जाईल.

बोर्ड सुरू करताना बहुतेकांचे घोडे अडते ते किरकोळ गोष्टींत. पहिली खबरदारी अशी की अँटेना घट्ट बसवल्याशिवाय वीज द्यायची नाही. अँटेना नसेल तर बाहेर पडायची ऊर्जा मागे फिरते आणि चिपचा प्रक्षेपक भाग जळू शकतो. बोर्ड संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहा, कारण अनेक केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जात नाही. घेतानाच बोर्ड ८६८ च्या पट्ट्याचा आहे ना ते बघा. ४३३ चा स्वस्त मिळाला म्हणून आणला तर तो इथे उपयोगाचा नाही. मेशटॅस्टिकसारखे मोफत सॉफ्टवेअर चढवले की पहिल्यांदा प्रदेश भारत निवडायचा. तोवर ते प्रक्षेपण सुरूच करत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर ब्लूटूथने मोबाइल जोडला की काम झाले. वाटेतले बोर्ड एकमेकांचे संदेश पुढे ढकलतात, ठरलेल्या टप्प्यांपर्यंत. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबई-ठाणे पट्ट्यात फोन कसे बंद पडले होते हे ज्यांना आठवते, त्यांना याचा उपयोग वेगळा सांगायला नको.

परवान्याचे काय, तर १९३३ च्या बिनतारी तार कायद्यानुसार रेडिओयंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कैक दशके राहिला. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी मोकळा झाला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. प्रक्षेपकाची ताकद एक वॅटपर्यंतच, ही अट आहे, आणि उपकरणाच्या प्रकाराला सरकारी मान्यता हवी. १९३३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार कायदा संमत झाला.

रेडिओवर काय ऐकू यायचे?

प्रक्षेपण हिंदुस्थान हमारा या गीताने सुरू होई आणि वंदे मातरमने संपे. मध्ये बातम्या, भाषणे, सूचना. सुरुवातीला हिंदीत, नंतर इंग्रजीतही. राममनोहर लोहिया भूमिगत होते. कोणीतरी तरुण रेडिओ चालवत आहेत हे कळल्यावर त्यांनी निरोप पाठवून उषाबेनना बोलावून घेतले आणि मग त्यांची भाषणे व टिपणे रेडिओला मिळू लागली. अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तम त्रिकमदास हेही या कामाशी जोडलेले होते. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी अँटी इंडिया रेडिओ म्हणत.

बातम्या दूतांमार्फत देशभरातून येत. चितगाववरील बाँबहल्ल्याची बातमी या रेडिओने दिली, जमशेदपूरच्या संपाची दिली. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची बातमी होती आष्टी-चिमूरची. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर इथे जमावावर गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी माणसेही मारली गेली, आणि नंतर चिमूरमध्ये घुसलेल्या फौजेने घराघरांतून अत्याचार केले, बायकांवरही. वृत्तपत्रांना हे छापायची मुभा नव्हती. ते मुंबईच्या एका खोलीतून सांगितले गेले. रेडिओचे खरे काम हे होते. घोषणा तर भिंतीवरही रंगवता येतात.

गंमत अशी की या प्रक्षेपणांतला बराच मजकूर आज वाचायला मिळतो तो पोलिसांमुळे. रोज संध्याकाळी ऐकून पोलिसांची माणसे ते टिपून घेत आणि तो कागद दप्तरात लावत. ज्यांना हा आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो जपून ठेवला.

माग कसा लागतो?

रेडिओलहर बोलणाऱ्याचे नाव सांगत नसली तरी दिशा सांगते. गोल कडीच्या आकाराची अँटेना हळूहळू फिरवली की एका कोनात आवाज अगदी क्षीण होतो. त्यावरून प्रक्षेपक कोणत्या रेषेवर आहे ते समजते. अशा दोन ठिकाणांहून दोन रेषा काढल्या की जिथे त्या छेदतात तिथे प्रक्षेपक. पोलिसांच्या गाड्या अशी उपकरणे घेऊन मुंबईत फिरत होत्या.

यावर उपाय दोनच. थोडा वेळ बोलायचे आणि जागा बदलत राहायचे. चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीपासून सुरुवात झाली, म्हणजे उषाबेनच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. मग लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, वाळकेश्वरचे रतन महल, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भुवन, महालक्ष्मीचा पॅरेडाइज बंगला आणि गिरगावची पारेखवाडी. पुढे बोलणे एका ठिकाणी मुद्रित करायचे आणि प्रक्षेपण दुसरीकडून करायचे, अशीही विभागणी केली गेली. म्हणजे एक जागा गेली तरी दुसरी उरावी.

लोरा बोर्ड वापरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. संदेश कुलूपबंद करता येतो, पण बोर्ड कुठे आहे हे लपवता येत नाही. दिशा शोधण्याची ती जुनी युक्ती ८६६ मेगाहर्ट्झवरही चालते. आणि मेशटॅस्टिकच्या मूळ वाहिनीची किल्ली सर्वांना ठाऊक असलेली असते. खासगी बोलायचे तर स्वतःची किल्ली तयार करावी लागते.

काँग्रेस रेडिओ मात्र अखेर कडीच्या अँटेनाने पकडला गेला नाही. माणसाने पकडून दिला.

१२ नोव्हेंबर

त्या दिवशी पोलिसांनी बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर धाड घातली. उषाबेनना तिथेच काय ते समजले. त्या सटकल्या आणि साथीदारांना सावध करायला गेल्या. आता प्रश्न संध्याकाळच्या प्रक्षेपणाचा होता. ते रद्द करणे अगदी शहाणपणाचे ठरले असते. अडीच महिने झाले होते. एक दिवस आवाज आला नसता तर आकाश कोसळणार नव्हते. पण उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी पारेखवाडीला गेले. कारण उघड आहे. नेमक्या त्या दिवशी रेडिओ गप्प झाला असता, तर धाड यशस्वी झाली हे पोलिसांना आणि ऐकणाऱ्यांनाही समजले असते.

तंत्रज्ञ तोवर पोलिसांच्या हाती सापडला होता आणि त्यानेच जागा दाखवली, असे उषाबेन पुढे सांगत. प्रक्षेपण संपत आले होते आणि वंदे मातरमची तबकडी लागली होती, त्या वेळी दारावर घाव पडू लागले. एकामागून एक दारे फोडून पोलीस आत आले, सोबत लष्कराचे तंत्रज्ञ. तबकडी थांबवण्याचा हुकूम झाला. उषाबेननी तो मानला नाही.

त्या तंत्रज्ञाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि चित्रपटात तसा एखादा लागतोच. पण यंत्र त्याच्याशिवाय उभे राहिले नसते, हेही तितकेच खरे. चळवळीत सगळे शेवटपर्यंत टिकत नाहीत. म्हणूनच जे टिकले त्यांची किंमत कळते.

कोठडी, खटला, येरवडा

अटकेनंतर सुमारे सहा महिने चौकशी चालली, बराच काळ एकान्त कोठडीत. बावीस वर्षांच्या मुलीकडून नावे काढून घ्यायची होती. लोहिया कुठे आहेत, पैसे कोणी दिले, बातम्या कोण आणते. धाक दाखवून झाला, मग आमिष. चळवळीशी बेइमानी केली तर परदेशी शिक्षणाला पाठवू, असे सांगितले गेले. उषाबेननी तोंड उघडले नाही.

खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना एकच विचारले. प्रश्नांची उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे का? नाही, असे उत्तर मिळताच त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असे ठरवले, स्वतःला वाचवता येईल अशा प्रश्नालाही. कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिले होते, पण जेवढे झाले तेवढे इथे कामी आले असावे. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले.

उषाबेनना येरवड्याला पाठवले. तिथून जवळच आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध होते आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी तिथेच प्राण सोडला. तुरुंगात उषाबेनची तब्येत ढासळली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार झाले, तेही खाटेजवळ अहोरात्र पोलिसांचा पहारा ठेवून. बरे वाटताच पुन्हा येरवडा. मार्च १९४६ मध्ये मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या आदेशावरून मुंबईत सुटलेल्या पहिल्या राजकीय कैदी उषा मेहता होत्या.

स्वातंत्र्य आले तेव्हा

१५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या दिल्लीला जाऊ शकल्या नाहीत. आजारपणाने अंथरुणाला खिळून होत्या. तुरुंगाने तब्येत अशी मोडली होती की सक्रिय राजकारण शक्य नव्हते. मंत्रिपद, महामंडळ यांच्या वाटेला त्या गेल्याच नाहीत. त्यांनी पुन्हा वही-पुस्तक हाती घेतले, गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठात पीएच.डी. केली आणि विल्सन कॉलेजात शिकवू लागल्या. सुमारे तीस वर्षे शिकवले. मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त. चौपाटीसमोरच्या वर्गात राज्यघटना शिकणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल की बाईंनी पहिले प्रक्षेपण केले ती इमारत त्याच चौपाटीवर होती!

निवृत्तीनंतर मणिभवन गांधी संग्रहालय हे त्यांचे ठिकाण. त्या संस्थेच्या अध्यक्षपदी त्या होत्या. मणिभवन आहे लॅबर्नम रोडवर, म्हणजे अजित व्हिलाच्याच रस्त्यावर. जिथे १९४२ मध्ये लपून यायचे, तिथे आता त्या परदेशी पाहुण्यांना आणि शाळेच्या मुलांना गांधीजींची खोली दाखवत. राहणी साधी, अंगावर खादीच. स्वतंत्र भारतातील राजकारणाबद्दल त्यांचा फार भ्रमनिरास झाला होता आणि मुलाखतींत त्या तो लपवत नसत. रेडिओबद्दल विचारले तर सांगत, पण आपल्याबरोबर खाकर, झवेरी, मोटवाने यांची नावे घेतल्याशिवाय नाही. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

दरवर्षी ९ ऑगस्टला त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जात. हे तेच गोवालिया टँकचे मैदान. २००० साली अंगात ताप असतानाही त्या गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.